हेडचे नट आणि अडकवलेलं बॉनेट

करडी गावाच्या रस्त्यावर माझं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे. पुढे पत्र्याचं शेड, मागे थोडी मोकळी जागा, आणि भिंतीला टेकवून ठेवलेली कुणाकुणाच्या ट्रॅक्टरची बॉनेटं. नवीन माणूस आला की त्याला वाटतं, मी भंगाराचाही धंदा करतो. ती बॉनेटं भंगार नाहीत. ती मी मुद्दाम अडकवून ठेवलेली असतात आणि त्यामागे कारण आहे.

ट्रॅक्टरचं इंजिन पूर्ण खोलून पुन्हा बांधलं, की खालचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामध्ये पाणी आणि गॅस अडवणारी नवी पातळ गॅसकेट बसते. हेड वरून नटांनी आवळायचं. तेही कसंही नाही. मधल्या नटापासून सुरुवात करून बाहेर बाहेर जायचं, तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्यानं. हा पाना ठरवलेल्या जोराला पोचला की कट् असा आवाज देतो. आवाज आला की हात थांबवायचा. इथवर सगळ्यांना पटतं. पुढचं कुणाला पटत नाही. इंजिन दहा-बारा तास कामाला लागलं, तापलं, निवलं, की ती नवी गॅसकेट दबते. नट जागचा हललेला नसतो, पण त्याची पकड ढिली झालेली असते. म्हणून इंजिन रातभर थंड होऊ द्यायचं, हेडवरचं टॅपेट कव्हर काढायचं, आणि एकेक नट पाव फेरा सोडून पुन्हा त्याच आकड्यावर आणायचा. मग टॅपेटचा गॅप नव्यानं लावायचा. दीड-दोन तासांचं काम. शेतकऱ्यांना सांगताना मी खाटेचं उदाहरण देतो. नवी विणलेली खाट चार दिवस झोपल्यावर झोळ खाते, ती पुन्हा ओढून कसावी लागते, तसंच हे.

खाटेचं सगळ्यांना कळतं. माना डोलावतात आणि ट्रॅक्टर घेऊन जातात, ते परत येतच नाहीत. "मस्त चालून राहिला ना मिस्त्री, मंग कायले खोलता?" हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की माणूस तोंड उघडण्याआधीच माझं डोकं फिरतं. मी तापट आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. भंडाऱ्याला आयटीआयमध्ये शिकत होतो तेव्हाही आमचे मास्तर म्हणायचे की तुझ्या रेडिएटरला पंखा नाही.

एका वर्षी चिखलणीच्या दिवसांत माझ्या हातची तीन इंजिनं हेडमधून फुटली. तिन्ही दुसऱ्यांदा न कसलेली. नाव मात्र माझं गेलं. त्यानंतर मी ही युक्ती काढली: इंजिन बांधून झालं की ट्रॅक्टर न्या, बॉनेट इथंच राहील. नाहीतरी नट कसायला ते काढावंच लागतं. दहा तास चालवा, परत आणा, रातभर उभा करा, सकाळी नट कसून बॉनेट लावून देतो. बॉनेटशिवाय ट्रॅक्टर चालतो व्यवस्थित, पण दिसायला उघडाबोडका दिसतो आणि आमच्याकडे कुणालाच ते खपत नाही. लोकांनी आधी शिव्या दिल्या, मग सवय झाली. आता आसपासच्या गावांत बिनबॉनेटचा ट्रॅक्टर दिसला की लोक म्हणतात, "कच्चा हाय अजून." माझ्या युक्तीचा मला फार अभिमान होता.

ही गोष्ट तीन-चार वर्षांमागची, दिवाळीनंतरची. आमच्या तलावाच्या पलीकडच्या गावातल्या एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरचं इंजिन मी नुकतंच बांधून दिलं होतं. साठीचा माणूस, धानाच्या बांध्या चांगल्या पाण्याखालच्या, बोलायला फटकळ पण मनाचा मोकळा. त्यांना सगळेच काकाजी म्हणतात, मीही म्हणतो. त्यांचा ट्रॅक्टर बारा वर्षं एकच ड्रायव्हर चालवत होता. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, कमी बोलणारा. सकाळी रेडिएटरचं पाणी आणि ऑइलची काडी पाहिल्याशिवाय तो चावी लावत नसे. हे कुणी सांगितलेलं नाही, मी स्वतः पाहिलेलं आहे.

बॉनेट माझ्याकडे होतं. ट्रॅक्टर चार-पाच तासच चालला असेल, तेवढ्यात शनिवारी काकाजी मोटरसायकलवर मागे एक माणूस बसवून आले.

"मिस्त्री, ते बॉनेट दे बा. उद्या पाहुने येऊन राहिले."

"पाहुने काय बॉनेट पाहाले येऊन राहिले, काकाजी?"

"पोराचं घर पाहाले येऊन राहिले. अंगनात असा नंगा ट्रॅक्टर उभा दिसला तं पोरीचा बाप काय म्हनन? म्हनन, यायच्या घरी सारंच अर्धं हाय."

"दहा घंटे होऊ द्या ना मंग."

"अरे, लगन काय तुह्या घंट्यावर थांबते काय? सोमवारी मी सोता आनून देतो."

मला हसू आलं. हसू आलं की मी नरम पडतो, हे काकाजींना ठाऊक असावं. मी बॉनेट दिलं. मागे बसलेल्या माणसानं ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि गाडी निघाली. नंतर कळलं की पाहुण्यांनी ट्रॅक्टरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी बोअरला पाणी किती आहे ते विचारलं, संडास पाहिला, चहा-पोहे घेतले आणि होकार देऊन गेले.

सोमवारी ट्रॅक्टर आला नाही. मंगळवारीही नाही. मळणी सुरू झाली होती. बांध्यांमधले भारे खळ्यावर आणून त्यांचे ढीग, पुंजणे, घातले होते, अवकाळीचे ढग दिसायला लागले होते, आणि अशा वेळी ट्रॅक्टर रातभर मिस्त्रीकडे सोडायला कुणाचंही मन धजत नाही. मला ते समजत होतं. तरी राग येतच होता.

त्याच आठवड्यात एका दुपारी ड्रायव्हर धानाची पोती भरलेली ट्रॉली घेऊन दुकानासमोर थांबला. मी दुसऱ्या ट्रॅक्टरखाली आडवा पडून क्लच बसवत होतो. तो खाली वाकून म्हणाला, "मिस्त्री, बारा घंटे झाले. नट पाहून देता काय?"

"इंजिन गरम हाय का थंडं?"

"आत्ताच तं खळ्यावरून आलो."

"गरम इंजिनवर मी नट कसत नाई, तुमाले मालूम हाय. रातभर उभा करा इथं."

"काकाजी सोडत नाई. सकाळी सातलेच मळनी सुरू होते."

"मंग मी काय करू? फुका मारून थंडं करू काय?"

तो थोडा हसला. मग म्हणाला, "सकाळी पाच-साडेपाचले तुमीच आले असते तं? घरी थंडाच उभा असते. सातच्या आधी होऊन जाईन."

बोलणं अगदी बरोबर होतं. सहा-सात किलोमीटरचं अंतर, पाना डब्यात घालून नेण्यासारखा. पण मी ट्रॅक्टरखाली पाठीवर पडलेलो, हाताला ग्रीस, डोळ्यात माती, आणि मनात ते बॉनेट. मी म्हणालो, "मी घरोघर हिंडत नाई. बॉनेट नेतानी बरं सोमवार सांगतला होता." यात त्याचा काही संबंध नव्हता. तो "बरं" म्हणाला आणि गेला.

आठवड्याभरानं सकाळी दहाच्या सुमाराला काकाजींचा फोन आला. ट्रॅक्टर खळ्यावर बंद पडला, पांढरा धूर फेकून राहिला, लवकर ये. मी गेलो. मळणी यंत्राचा पट्टा लटकत होता, ट्रॅक्टरखाली पाण्याचं थारोळं, रेडिएटरमधून वाफ. दहा-बारा माणसं काम सोडून उभी होती, बाया सुपं हातात धरून. ड्रायव्हर ओलं पोतं घेऊन बाजूलाच उभा होता. मी कुणाशी काही बोललो नाही. रेडिएटरचं झाकण आधीच काढलेलं होतं. आत बोट घातलं. पाणी नव्हतं.

"पान्याबिगर चालवला," मी म्हणालो. "गरम करून टाकला. बारा साल झाले, तुले पानी पाहता येत नाई काय?"

त्या माणसाला मी कायम तुमी म्हणायचो. त्या दिवशी तोंडातून तू निघालं.

"सकाळी भरलं होतं, मिस्त्री," तो म्हणाला.

"भरलं होतं तं गेलं कुठं?"

आमच्या भागात इंजिनाच्या बाबतीत मिस्त्रीचा शब्द शेवटचा मानतात. डॉक्टरवर लोक दोनदा शंका घेतात, मिस्त्रीवर नाही. मी बोललो आणि निकाल लागला. काकाजींचा चेहरा लाल झाला. पुंजणे तसेच उभे, वर आभाळ भरलेलं, आणि ट्रॅक्टर बंद. ते ओरडले, "चावी ठेव अन् निंघ. उद्यापासून येऊ नोको." ड्रायव्हरनं चावी सीटवर ठेवली. हात धुतले. झाडाला अडकवलेला डबा काढला, सायकल घेतली आणि बांधावरून निघून गेला. एक बाई हळूच काहीतरी म्हणाली, पण कुणी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

मी आज सांगू शकतो की त्या वेळी मला त्याची ती दुपारची भेट आठवली नाही. पण ते खोटं होईल. खळ्यात पाऊल टाकल्याबरोबर मला ती आठवली होती. म्हणूनच माझा आवाज आधी चढला.

ट्रॅक्टर ओढून दुकानात आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन थंड असताना टॅपेट कव्हर काढलं. हेड उचलण्याआधी टॉर्क पाना प्रत्येक नटाला लावून पाहायचा, नट किती जोरावर हलतो ते तपासायचं, ही माझी सवय. कडेचे नट थोडे कमी भरले. मधले दोन पाहिले. ठरलेल्या आकड्याच्या निम्म्यावरच ते हलले. पाना कट् म्हणालाच नाही, नुसता फिरला. मी तो काढून पुन्हा लावला. पुन्हा तेच.

तरी मी स्वतःला समजावत होतो की गरम झाल्यामुळे ढिले झाले असतील. हेड उचललं, पुसलं, सरळ पट्टी लावून खालून फट मोजायचं फिलर गेज घालून पाहिलं. पाणी नसताना इंजिन खरोखर खूप वेळ चाललं असतं तर हेड वाकलं असतं. ते सरळ होतं. पिस्टनला ओरखडा नव्हता. गॅसकेटवर मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधून पाण्याच्या भोकाकडे काळी रेघ गेली होती. ही रेघ एका सकाळीत पडत नाही. दिवसेंदिवस गॅस तिथून थोडा थोडा निसटत होता आणि त्या दिवशी पूर्ण फुटला. सकाळी भरलेलं पाणी तिथूनच गेलं होतं. त्या माणसानं ठेवलेला भरवसा आणि मी काढलेला राग, दोन्ही माझ्यासमोर टेबलावर पडले होते.

मी काय केलं? नवी गॅसकेट घातली, हेड नीट बसवलं, बॉनेट काढून भिंतीला टेकवलं आणि ट्रॅक्टर पाठवून दिला. काकाजींनी या वेळी बॉनेटबद्दल ब्र काढला नाही. ट्रॅक्टर आता त्यांचा मुलगा चालवू लागला. आणि मी गप्प बसलो. लाज वाटत होती, पण लाजेपेक्षा भीती मोठी होती. माझ्या हातचं इंजिन महिनाभरात फुटलं, हे मी माझ्याच तोंडानं कसं सांगणार?

तिसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक फिल्टर बदलायला आलं. त्याला ड्रायव्हर हवा होता. बोलता बोलता म्हणालं, "तो काकाजीचा ड्रायव्हर आला होता काम इचाराले. नाई म्हनून सांगतलं. ट्रॅक्टर जाळनाऱ्याले कोन ठेवते, हव ना मिस्त्री?" मी मान हलवली की नाही, ते मला आठवत नाही. फिल्टर उलटा बसवला एवढं आठवतं, कारण तो पुन्हा काढावा लागला.

जेवताना हे सगळं बायकोला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, ताटात भात वाढला आणि म्हणाली, "साऱ्या दुनियेचे नट कसता. आपल्या तोंडाचा एक ढिला करता येत नाई काय?" मी चिडलो. चिडून उठलोही. पण ती बरोबर बोलत होती आणि त्या माणसाच्या घरची चूल मळणीच्या भर हंगामात माझ्या एका वाक्यामुळे थंड पडत होती.

ट्रॅक्टरचे दहा तास झाल्याचा निरोप आला, तेव्हा मी म्हणालो, आणू नका, मीच येतो. दुसऱ्या दिवशी पहाट फुटता फुटता काकाजींच्या अंगणात पोचलो. थंडी होती. ट्रॅक्टर थंडगार उभा होता, अगदी ड्रायव्हर म्हणाला होता तसाच. कव्हर काढलं, नटांच्या आड येणारा रॉकर बाजूला केला आणि मधल्या नटापासून सुरुवात केली. पाव फेरा सोडायचा, मग हळूहळू आकड्यावर आणायचा. कट्. पुढचा. कट्. काकाजी शाल गुंडाळून शेजारी उभे राहिले. मळणीची माणसंही एकेक करून गोळा होऊ लागली. मी मुद्दामच सावकाश काम करत होतो, सगळे येईपर्यंत.

मी नटावर खडूनं खूण केली होती. कसल्यावर ती खूण थोडी पुढे सरकलेली काकाजींना दिसली.

"बस? एवढासाच फिरला?" ते म्हणाले.

"एवढ्यानंच गेला होता, काकाजी."

"म्हनजे?"

मग मी सांगितलं. मधले नट निम्म्यावर हलले, हेड सरळ होतं, गॅसकेटवर जुनी रेघ होती. ड्रायव्हर माझ्याकडे आला होता, सकाळी घरी येऊन कसून द्या म्हणाला होता, मी त्याला हाकलून दिलं. पाणी त्यानं भरलं होतं. इंजिन त्यानं जाळलं नाही. सांगताना हातातला पाना खाली ठेवायचंही मला सुचलं नाही.

मग त्या दिवशी खळ्यावर हळूच बोललेली बाई या वेळी मोठ्यानं म्हणाली, "मी सांगत होती ना, त्यानं दोन बकेटा टाकल्या म्हनून. माह्याच बकेटा होत्या." काकाजी माझ्याकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता शिव्या बसणार, आणि बसल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"बॉनेट तं मीच नेलं होतं," ते शेवटी म्हणाले. "अन् ट्रॅक्टर बी मीच सोडला नाई. पन साऱ्याइसमोर काढलं मी त्याले. आता कोन्या तोंडानं बलावू?"

"मी जातो."

"जा. सांग, काकाजीनं उद्या बलावलं. नाई, आजच ये म्हन."

उरलेले नट कसले, टॅपेट लावले आणि तसाच मोटरसायकल घेऊन निघालो. त्याचं गाव तलावाच्या दुसऱ्या अंगाला. तो अंगणात कुंपणाच्या काड्या बांधत बसला होता. त्याच्या बायकोनं मला पाहिलं, खुर्ची आणून ठेवली आणि आत गेली. मी खुर्चीवर बसलो नाही.

"भाऊ," मी म्हणालो, "गलती माही होती. नट ढिले होते. काकाजीले सांगतलं, साऱ्याइसमोर सांगतलं. तुमाले आजच बलावलं हाय त्याइनं."

"हव," तो म्हणाला आणि काडीची गाठ ओढली.

मी उभाच होतो. त्यानं ती गाठ पूर्ण केली, दुसरी काडी घेतली, आणि मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "काम तं भेटलं असतं मिस्त्री कुठंतरी. उशिरा भेटलं असतं. त्याचं काई नाई. पन तुमी खळ्यात आले तं सिद्धे रेडिएटरमंधी बोट टाकलं. मी बाजूलेच उभा होतो. मशीनले इचारलं तुमी. मले नाई इचारलं."

मला फार लाज वाटली. इतकी लाज मला आयुष्यात पूर्वी कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही. मी हात जोडले. तो म्हणाला, "असं नोका करू," आणि उठून सायकल काढायला गेला. दुपारपासून तो कामावर होता. पाऊस यायच्या आत काकाजींचे पुंजणे निघाले.

तो अजूनही तोच ट्रॅक्टर चालवतो आणि दुरुस्तीला माझ्याकडेच आणतो. भांडण नाही, राग दाखवत नाही. ट्रॅक्टर शेडखाली लावतो, खाली उतरतो आणि मी तोंड उघडायच्या आत सगळं सांगतो: इतके घंटे चालला, पानी सकाळी भरलं, ऑइल पाहिलं, आवाज या बाजूनं येऊन राहिला. सांगून झालं की रस्त्याच्या पलीकडे जाऊन बसतो. मला विचारायला काही उरतच नाही.